तीन नंबरचा डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे प्रमुख, आदरणीय साहेब. वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या मॅडम. आमच्या मुख्याध्यापिका बाई. ज्यांच्यामुळे आज या सभागृहातली एकही खुर्ची रिकामी नाही ते आपले विज्ञानाचे सर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. शिक्षक-शिक्षिका, ऑफिसातली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, पालक, आणि दाराशी उभे असलेले माझे शिपाई बंधू, सर्वांना माझा नमस्कार.

मानाचा क्रम मागेपुढे झाला असेल तर आत्ताच सांभाळून घ्या. या माइकशी माझा संबंध सदतीस वर्षांचा आहे, पण तो लावण्यापुरता. ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ याच्या पुढे मी कधी गेलो नाही. आज पुढे जायचंय.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी या शाळेचा प्रयोगशाळा सहायक. मुलं मला मामा म्हणतात, मुलांच्या आया मामा म्हणतात, आणि हल्ली मुलांच्या आज्यासुद्धा मामाच म्हणायला लागल्यात. तिथे मात्र मला जरा वाईट वाटतं.

बाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलेलं मला इथून दिसतंय. पण बाई, ज्याला सदतीस वर्षांत एकदाही बोलायला सांगितलं नाही, त्याचं साचलेलं थोडं जास्तच असणार. घड्याळ पालथं ठेवलंत तर उपकार होतील.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. कोणी सरांना दिव्याची उपमा दिली, कोणी वृक्षाची. छानच बोलले. पण मी एकतीस वर्षं सरांबरोबर त्या खोलीत काढली आणि मला दिवाही दिसला नाही की वृक्षही दिसला नाही. मला दिसले ते बाह्या दुमडून बेसिनपाशी परीक्षानळ्या धुणारे गृहस्थ. ‘सर, राहू द्या, ते माझं काम आहे’ म्हटलं, तर म्हणायचे, ‘मामा, तुम्ही धुतलेल्या नळीत मी प्रयोग करतो, मी धुतलेल्या नळीत तुम्ही करून बघा.’ याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही. मुलं त्यांना थर्मामीटर सर म्हणतात, कारण खिशाला पेनाऐवजी थर्मामीटर असतो. एकदा त्यानेच हजेरीपटावर सही करायला गेले होते. वहिनी हसताहेत, म्हणजे घरीही हीच परिस्थिती असणार.

असो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी आज उभा राहिलोय तो एका ओळीसाठी.

थोड्या वेळापूर्वी बाईंनी सरांचं मानपत्र वाचून दाखवलं. अक्षर चित्रकलेच्या सरांचं, मजकूर आमच्या हेडक्लार्क साहेबांचा आणि चौकट माझी. त्यात खालून चौथी ओळ अशी आहे: ‘प्रयोगसाहित्यातील दोषाचा एक किरकोळ प्रसंग वगळता सरांची एकतीस वर्षांची सेवा निष्कलंक आहे.’ किती जणांनी ती ऐकली? बहुतेकांनी नसेल ऐकली. मानपत्र चालू असताना आपण सगळे ते संपायची वाट बघत असतो. पण वहिनींनी ऐकली. मी त्यांच्याकडेच बघत होतो. आणि सरांनी चष्मा काढून पुसला, जो मुळीच मळलेला नव्हता.

हेडक्लार्क साहेबांना दोष देऊ नका. ते फाईलबाहेरचं लिहीत नाहीत आणि फाईलमधलं गाळत नाहीत. सरांच्या फाईलमध्ये एक लेखी समज आहे, अकरा वर्षांपूर्वीची, म्हणून मानपत्रात ‘वगळता’ आहे. ती ओळ मी काल दुपारी चौकट करताना वाचली. कालच बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी ती काढूनही टाकली असती. मग मी का सांगितलं नाही? कारण गाळलेली ओळ कोणी वाचत नाही. तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असता आणि मीही. ती ओळ चुकीची आहे, हे तुम्हा सगळ्यांदेखत सांगायचंय मला.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. फार नाही, एकतीस वर्षं.

सर नवे आले तेव्हा मी शाळेत सहा वर्षांचा जुना होतो. वयाने सर मोठे, प्रयोगशाळेत मी मोठा, अशी आमची वाटणी. आठवीला एक प्रयोग असतो, तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी केला असेल. पत्र्याचे पाच डबे. पहिला तसाच, काहीही न गुंडाळलेला. दुसऱ्याला कापूस, तिसऱ्याला लोकर, चौथ्याला वर्तमानपत्राच्या घड्या, पाचवा लाकडाच्या भुशात पुरलेला. पाचांतही सारखंच गरम पाणी. झाकणाला भोक, भोकातून थर्मामीटर. दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्यायचं, अर्धा तास. ज्या डब्यातलं पाणी सगळ्यात कमी निवलं, त्याच्याभोवतीचा पदार्थ उष्णता धरून ठेवण्यात पहिला. यात अवघड काय आहे? काही नाही. म्हणूनच यात माणूस फसतो.

सरांच्या पहिल्याच वर्षी तपासणी आली. तपासणीचे साहेब मागच्या बाकावर बसले. सरांनी निष्कर्ष आधीच फळ्यावर लिहून ठेवलेला, खाली दोन रेघा मारून: ‘लोकर सर्वांत उत्तम.’ अर्ध्या तासाने बघतात तर कापूस पहिला, वर्तमानपत्र दुसरं आणि लोकर तिसरी. आता लोकर म्हणजे काय होतं? माझाच जुना स्वेटर, विरून जाळी झालेला. साहेब उठले, फळा बघितला, डबे बघितले आणि म्हणाले, ‘फळ्याने पुस्तक वाचलंय. पाण्याने वाचलेलं दिसत नाही.’

चाळीस मुलं हसली. साहेबही हसले. सरांची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मधल्या सुट्टीत सरांनी जेवणाचा डबा उघडला, बघितला आणि तसाच बंद केला. समोरच्या स्टुलावर मी बसलो होतो. मला ते बघवलं नाही. बाकी काही कारण नव्हतं. पुढे जे झालं त्याला मी कटबिट म्हणणार नाही. मला ते बघवलं नाही, एवढंच.

त्याच वर्षी माझ्या घरी मुलगी झाली. तिच्या दुधाच्या पावडरचा एक डबा रिकामा झाला. मापाने शाळेतल्या डब्यांएवढाच, पण झाकण असं घट्ट की चमच्याचा दांडा घालून उचकटल्याशिवाय निघायचं नाही. शाळेतल्या डब्यांची झाकणं म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या टोप्या. वाफ इकडून निघायची, तिकडून निघायची. मी काय शिकलेला माणूस नाही, पण घरी चहा झाकून ठेवला की गरम राहतो, एवढं मलाही कळतं. मी त्या डब्याच्या झाकणाला भोक पाडलं, रबरी बूच बसवलं, आणि पाचही डब्यांना नवा रंग दिला. त्यावर ऑइलपेंटने आकडे घातले आणि आकड्याखाली पदार्थाचं नाव. एक, उघडा. दोन, कापूस. आणि आमचा दुधाचा डबा तीन, लोकर.

नव्या वर्षी लोकर पहिली आली. चार अंशांनी! सर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मामा, यंदा पाणी पुस्तक वाचून आलंय.’

त्यानंतर पाणी एकोणीस वर्षं पुस्तक वाचून येत राहिलं. एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या शाळांचे शिक्षक विचारायला यायचे, की तुमचा हा प्रयोग दरवर्षी इतका स्वच्छ कसा येतो? सर कपाट उघडून ते पाच डबे दाखवायचे आणि म्हणायचे, ‘ही आमच्या मामांची शिस्त. प्रत्येक पदार्थाचा डबा ठरलेला, कधी अदलाबदल नाही.’ मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. याच प्रयोगाला शाळांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. तो कप कितीतरी वर्षं मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटात मधोमध होता.

सर मला हाताने ‘बसा’ म्हणून खुणावताहेत. सर, तुम्ही बसा. मी अकरा वर्षं बसलोय.

आता अकरा वर्षांपूर्वीचं. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. शाळेच्या कोपऱ्यावर जे टेलरकाका गणवेश शिवतात, त्यांची मुलगी. ती आज इथे आहे, तिसऱ्या ओळीत, आणि तिने मान खाली घातलीय, म्हणजे मी कुठे चाललोय ते तिला कळलंय. बेटा, मान वर कर. खाली मी घालायला पाहिजे.

तर तिच्या गटाची पाळी आली. तिने स्वेटर हातात घेतला, तीन नंबरच्या डब्याला गुंडाळला, दोन बोटं आत घालून बघितली आणि मला म्हणाली, ‘मामा, हा ढगळ होतोय. चार नंबरला नीट बसेल, तो जरा फुगीर आहे.’ तिचा जन्म मापं घेण्यात गेलेला. मी पलीकडे परीक्षानळ्या धूत होतो, पाण्याच्या आवाजात नुसतं ‘हूं’ म्हणालो. तिने लोकर चारला लावली, आणि चारचं वर्तमानपत्र तीनला.

अर्ध्या तासाने तिचं रीडिंग आलं. वर्तमानपत्र एकसष्ट अंश. कापूस अठ्ठावन्न. लोकर चौपन्न.

सरांनी जर्नल बघितलं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते म्हणाले, ‘रीडिंग चुकलंय. पुन्हा लिही.’

ती म्हणाली, ‘सर, पुन्हा लिहू की पुन्हा करू?’

एवढीशी पोर, वेणीचं टोक तोंडात धरून उभी. सर म्हणाले, ‘पुन्हा लिही. इतरांचं बघून लिही.’ आणि ती म्हणाली, ‘इतरांचं माप मला कसं येईल?’

सरांनी लाल पेनाने दहापैकी शून्य दिलं. प्रदर्शनाच्या गटातून तिचं नाव काढलं. ‘पुन्हा लिही’ हे शब्द सरांचे होते, आणि ते मी माझ्या अंगावर घेणार नाही. सरांनाही ते आवडणार नाही. पण तिचं माप चुकलेलं नाही हे त्या खोलीत एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस मूग गिळून नळ्या धूत होता. त्या दिवशी मी धुतलेल्या नळ्या पुन्हा धुतल्या.

दुसऱ्या दिवशी टेलरकाका आले. गळ्यात टेप तशीच, हातात अर्ज. मुख्याध्यापकांना म्हणाले, ‘माझी मुलगी हट्टी आहे, कबूल. उलट बोलते, तेही कबूल. पण ती मापात खोटं बोलत नाही. मी शिकवलंय तिला.’ तेव्हाचे मुख्याध्यापक अर्ज ठेवून घेतो म्हणाले.

पोरगी हट्टीच होती. रोज मधल्या सुट्टीत यायची. ‘मामा, डबे द्या. मामा, गरम पाणी द्या.’ मी द्यायचो. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? ती डबे फिरवून फिरवून बघायची. चौथ्या दिवशी माझ्यासमोर वही ठेवून म्हणाली, ‘मामा, लोकर जिंकत नाही. कापूसही जिंकत नाही. तीन नंबर जिंकतो. त्याला काहीही गुंडाळा.’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, ते झाकण…’

‘झाकणाचं काय?’

‘काही नाही. घंटा झाली, पळ.’

ती पळाली, पण वर्गात नाही. सरळ सरांकडे गेली. शनिवारी शाळा सुटल्यावर सर एकटे प्रयोगशाळेत आले. त्यांनी तिची वही उघडी ठेवली, पाचही डब्यांची झाकणं एकेक करून लावली, काढली. तीन नंबरला चमच्याचा दांडा लागला. मग त्यांनी मला विचारलं, ‘मामा, हे डबे कोणी निवडले?’

मंडळी, तेव्हा खरं बोलायला किती वेळ लागला असता? ‘मी’. एक अक्षर. मी म्हणालो, ‘सर, आधीपासूनचेच आहेत. आले तसे लावले.’

सरांनी तीन नंबरचा डबा उचलला, उलटा केला, बुडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग जागेवर ठेवला आणि म्हणाले, ‘बरं.’

सोमवारी आठवीचा वर्ग प्रयोगशाळेत भरला. सर फळ्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘एका डब्याचं झाकण घट्ट होतं आणि बाकीच्यांची सैल. ते डबे मी निवडले होते. एकोणीस वर्षं मी चुकीचा प्रयोग शिकवला. या मुलीचं रीडिंग बरोबर होतं आणि मी तिला खोटं लिहायला सांगितलं. मी तिची माफी मागतो.’ तिला दहापैकी दहा दिले. मी बेसिनपाशी होतो. नळ चालू होता. तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

पुढचं फाईलमध्ये आहे. टेलरकाकांच्या अर्जावर चौकशी झाली. ‘साहित्य कोणी निवडलं?’ या प्रश्नाला सरांनी लेखी उत्तर दिलं, ‘मी.’ त्यांना समज मिळाली. प्रदर्शनाचा कप त्यांनी स्वतः पत्र लिहून परत केला. प्रदर्शनाच्या समितीवरून त्यांचं नाव गेलं ते पुन्हा आलं नाही. स्टाफरूममध्ये वर्षभर थट्टा चालली: ‘सर, चहाचं झाकण तपासलं का?’ थट्टा करणारे निम्मे आज इथे बसलेत. मी कोणाकडे बघत नाही, घाबरू नका. मला कोणाकडे बोट दाखवायला तोंड नाही. मीसुद्धा त्या थट्टेला हसलोय. त्या चहाचे कप मीच उचलत होतो.

मी का बोललो नाही? नोकरी जाईल म्हणून? दुधाच्या डब्यासाठी कोणी कोणाला काढत नाही. खरं सांगू? लाज वाटली. ‘मामांची शिस्त’ हे शब्द एकोणीस वर्षं ऐकले होते. ते जातील याची भीती वाटली. आणि मनाची समजूत घालायला माणसाला कारण लागतंच. माझं कारण असं, की सरांना काय ठाऊक डबा कोणाचा? ते वर्गाचे प्रमुख, म्हणून त्यांनी जबाबदारी घेतली. मोठी माणसं घेतातच. आपलं ठेवावं झाकून, ही म्हण काही उगाच नाही आली.

त्यानंतर सरांनी प्रयोगाची पद्धत बदलली. कोणता पदार्थ कोणत्या डब्याला, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मग डबे बदलून तोच प्रयोग पुन्हा. त्यासाठी दोन तास लागायचे, आणि दुसरा तास भूगोलाच्या बाईंचा असायचा. बाई, तुम्ही सरांशी तीन वर्षं बोलत नव्हता ते यासाठी. निष्कर्षाची जागा फळ्यावर घंटा होईपर्यंत कोरी राहायची. कधी कापूस पहिला यायचा, कधी लोकर, आणि एकदा तर भुशाने बाजी मारली. सर म्हणायचे, ‘जे आलं ते लिहा.’ आणि आणखी एक नियम केला. चुकलेलं रीडिंग रबराने पुसायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. माजी विद्यार्थ्यांनो, आठवतंय ना? रबर दिसलं की जप्त व्हायचं. माझ्या ड्रॉवरमध्ये आजही दीडशे रबरं आहेत. ज्याचं असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावं.

मग जुन्या डब्यांचं काय झालं? सरांनी सारख्या झाकणांचे पाच नवे डबे आणले. जुने चार भंगारात गेले. तीन नंबर मात्र त्यांनी ठेवला, त्यात खडू ठेवायचे. म्हणायचे, झाकण घट्ट आहे, खडू दमट होत नाहीत. अकरा वर्षं तो डबा त्यांच्या टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला हात लावला नाही. टेबल पुसतानाही त्याच्या कडेकडेने पुसायचो.

काल दुपारी मानपत्रातली ओळ वाचली तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगतो, तेवढ्यावर मी माइकपर्यंत आलो नसतो. संध्याकाळी सरांच्या कपाटाचा आणि टेबलाचा चार्ज घ्यायला गेलो. यादीत शेवटी होतं: ‘खडूंचा डबा, एक.’ मी खडू काढले आणि डबा झटकायला उलटा केला.

तो डबा मी आणलाय. हा बघा. मागच्या ओळीत दिसणार नाही, म्हणून वाचून दाखवतो. बुडाला नेलपॉलिशने लिहिलंय, अक्षर माझ्या बायकोचं: ‘बाळाचं दूध. यांनी हात लावू नये.’

हसा, हसा. दुधाची पावडर चमच्याने खायची सवय होती मला. हिने लिहिलं होतं हे मी साफ विसरलो होतो. डबा रंगवताना मी बाजू रंगवल्या, बूड नाही. बूड कोण बघतो?

सरांनी बघितलं होतं. त्या शनिवारी. माझी मुलगी झाली तेव्हा शाळेत दुसऱ्या कोणाकडे तान्हं मूल नव्हतं, आणि पावडर खाल्ल्याबद्दल बायको कशी ओरडते, हे मी सरांनाच रोज सांगायचो. म्हणजे मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो तेव्हा खरं उत्तर त्यांच्या हातात होतं. ते वाचून ते ‘बरं’ म्हणाले. आणि सोमवारी चाळीस मुलांसमोर, आणि मग कागदावर, ‘मी’ असं लिहून दिलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. अकरा वर्षं मला ‘मामा’ म्हणून हाक मारताना त्यांच्या आवाजात कधी काही फरक पडला नाही. मी फार आठवून बघितलं काल. नाही पडला.

हे वाचलं आणि तसाच बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, उद्या मला पाच मिनिटं द्या.

सर, एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही जेवला नाहीत ते मला बघवलं नाही, म्हणून मी डबा बदलला. आणि माझी लाज जाईल ते तुम्हाला बघवलं नाही, म्हणून तुम्ही नाव बदललंत. दोघांनीही एकमेकांची अब्रू राखली आणि मधल्या मध्ये एका मुलीचे पाच दिवस शून्यात गेले. बेटा, सरांनी तुझी माफी अकरा वर्षांपूर्वी मागितली. माझी राहिली होती, ती आज मागतो. तू आता कारखान्यात वाफेच्या नळ्यांसाठी उष्णता धरून ठेवणारी आवरणं शिवतेस, असं टेलरकाका गेटवर छाती फुगवून सांगत होते. नीट बसतात ना? ढगळ होत नाहीत ना? मग झालं.

बाई, मी आटपतो. मला बोलायची संधी दिलीत, अध्यक्ष साहेबांनी आणि पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शिपाई बंधूंनी माझ्याऐवजी आज खुर्च्या लावल्या, सगळ्यांचा मी आभारी आहे. सवय नसलेला माणूस बोलला की कमी-जास्त होतं. बोलण्यात काही चुकलं असेल तर तुम्ही सगळ्यांनी मोठ्या मनाने पोटात घाला. करण्यात जे चुकलं, ते मात्र कोणी पोटात घालू नका. ते एकाने अकरा वर्षं घातलं, तेवढं पुरे.

आता फक्त चौकट राहिली. ती मीच ठोकलीय, मागे चार खिळे आहेत आणि पक्कड माझ्या खिशात असतेच. सर, तुम्ही ‘नको’ म्हणून मान हलवताय ती मला दिसतेय, पण नियम तुमचाच आहे. चित्रकलेच्या सरांनी पेन द्यावं. मी ती ओळ पुसणार नाही, गाळणार नाही. ‘वगळता’पर्यंत एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहितो, ‘डबे मी निवडले होते.’ आणि खाली सही माझी.